ढालकिड्यांची भावकी ओळखा, मग पंप उचला



आजच्या भाषणात आपण एका लहानशा किड्याची माहिती घेणार आहोत. हरभऱ्याच्या डाळीएवढा आकार, पाठ फुगीर, रंग नारिंगी किंवा पिवळा आणि त्यावर काळे ठिपके किंवा रेघा. पाठीची ठेवण ढालीसारखी म्हणून त्याला ढालकिडा म्हणतात. काही पुस्तकांत त्याचे लेडीबर्ड बीटल हे इंग्रजी नावच दिलेले असते. हा किडा तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. पण तो मित्र की शत्रू, असे विचारले तर दहांपैकी पाच जण एक सांगतील आणि पाच जण दुसरे. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे खरे असते. ते कसे, हेच आज समजून घ्यायचे आहे.

मागच्या रब्बीत, कार्तिक सरता सरता किल्लारीहून एका मामांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, वांग्यावरचे ठिपक्याचे किडे करडईवर चढले बगा. समदं रान चाळणी करतेत आता. पंप भरून ठेवलाय, कोणतं औषध घालू तेवढं सांगा." मी म्हटलं, "मामा, पंप तसाच राहू द्या. मी दुपारपर्यंत येतो."

शेतात गेलो. विहिरीजवळ घरच्यापुरत्या वांग्याच्या चार ओळी आणि पलीकडे दीड एकर करडई. वांग्याच्या पानांची खरोखरच चाळणी झाली होती. शिरा तेवढ्या शिल्लक आणि मधला हिरवा भाग खरवडून खाल्लेला. त्यावर तांबूस रंगाचे, पुष्कळ ठिपक्यांचे किडे बसलेले. मग करडईत शिरलो. शेंड्यांवर काळा मावा गच्च बसला होता, पानांवर चिकटा पडला होता आणि त्या माव्यात नारिंगी-पिवळे, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेले किडे फिरत होते. मामा म्हणाले, "हे घ्या, एकच जात हाय की." पण करडईचे एकही पान कुरतडलेले नव्हते. मी मामांना एका शेंड्याजवळ बसवले आणि म्हटले, पाच मिनिटे नुसते बघा. त्यांच्या डोळ्यांदेखत एका किड्याने मावा धरला, चघळला आणि दुसऱ्याकडे वळला. मामा काही बोलले नाहीत. पंप मात्र रिकामा केला.

मामांची नजर अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. वांग्यावरचा तो पाने खाणारा आणि करडईवरचा हा मावा खाणारा हे एकाच कुळातले आहेत. या कुळाला शास्त्रात कॉक्सिनेलिडी म्हणतात आणि जगभरात त्याच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. करडईवर, ज्वारीवर, मक्यावर आपल्याकडे नेहमी दिसणारा नागमोडी रेघांचा किडा म्हणजे चिलोमेनेस सेक्समॅक्युलॅटा. नावाचा अर्थ 'सहा ठिपक्यांचा', आणि पाठीवर बघाल तर रेघा! आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा जुन्या पुस्तकांत याचे नाव मेनोचिलस होते. नाव बदलले, किडा तोच आहे. दुसरा सात ठिपक्यांचा, लालसर आणि चकचकीत. हे दोघे मावा खाणारे. वांग्यावरचा तो हेनोसेपिलॅक्ना, म्हणजे आपल्या भाषेत एपिलॅक्ना भुंगेरा. त्याच्या एका जातीच्या पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात. कारल्यावर, दोडक्यावरही त्याचे भाऊबंद सापडतात.

या भावकीत आणखी एक जण आहे, त्याच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. मूग, उडीद किंवा भेंडीच्या पानावर भुरी पडली की पिवळेधमक, लहान, चपळ ढालकिडे पानावर धावताना दिसतात. शास्त्रीय नाव इलेइस सिंक्टा. भुरी म्हणजे पानावर वाढलेली बुरशी, आणि हा किडा तीच बुरशी खातो. पान खात नाही, मावाही खात नाही. भुरीही दिसते आणि किडाही दिसतो, म्हणून लोक एकाच पंपात दोन औषधे मिसळून मारतात. त्यातले कीटकनाशक फुकट जाते.

म्हणजे एकाच घरात एक मांसाहारी, एक बुरशी खाणारा आणि एक पाला खाणारा. मग यांचे नाते जवळचे कोणाशी, लांबचे कोणाशी? पाला खाणारा आधीपासूनच वेगळा होता, की मांसाहारी घरातूनच फुटून निघाला? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे पडला होता. ठिपके मोजून, रंग बघून तो सुटत नाही. एकाच जातीत ठिपके कमी-जास्त असतात, थंडीत रंग गडद होतो, आणि दोन वेगळ्या जातींचे अंगरखे एकसारखे असू शकतात. अंगरख्यावरून भावकी ठरवायला गेले तर फसगत होते.

यासाठी आता जनुकीय खुणा वापरतात. शब्द जड वाटेल, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. सुगी झाली की आपल्या भागात हेळवी येतो. बैल घेऊन येतो, दारात उभा राहून तुमच्या घराण्याचे मूळ पुरुष, शाखा, कोण कुठे जाऊन वसले ते सांगतो आणि पायली-दोन पायली धान्य घेऊन जातो. त्याच्याकडे तुमच्या कुळाची नोंद असते. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर जुने किल्लारी सोडून गाव नव्या जागी वसले. घरे बदलली, शेजार बदलला, गल्ल्यांना क्रमांक आले. म्हणून कोणाचे कूळ बदलले नाही. तसेच किड्याचे आहे. तो कोणत्या पिकावर बसला, कोणत्या रंगाचा झाला, यावरून त्याचे कूळ ठरत नाही. त्याच्या कुळाची वही त्याच्या शरीरात, प्रत्येक पेशीत लिहिलेली असते. त्या वहीला डीएनए म्हणतात. तिची लिपी चार अक्षरांची, ए, टी, जी आणि सी. तुमच्या-माझ्या शरीरातही हीच लिपी आहे.

आता वहीवरून नाते कसे काढतात ते बघा. समजा एक जुनी वही तीन भावांनी उतरवून घेतली. मधल्या भावाने उतरवताना 'रामजी'च्या जागी चुकून 'रामाजी' लिहिले. पुढे त्याच्या मुलांनी, नातवंडांनी त्याच्याच वहीवरून नक्कल केली, तर त्या सर्वांच्या वहीत 'रामाजी' येणार. शंभर वर्षांनी दोन वह्या हातात आल्या आणि दोन्हींत 'रामाजी' दिसले, तर ही दोन्ही घरे मधल्या भावाची असे आपण बेलाशक म्हणू. डीएनएतही पिढ्यानपिढ्या नक्कल होताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या वंशात उतरतो. दोन किड्यांत सारखे बदल जितके अधिक, तितके ते जवळचे. याच बदललेल्या अक्षरांना जनुकीय खुणा म्हणायचे.

प्रयोगशाळेत किड्याचा एक पाय जरी मिळाला तरी पुरतो. त्यातून डीएनए वेगळा काढतात. मग पीसीआर नावाच्या पद्धतीने त्यातल्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो नकला करतात. करोनाच्या वेळी नाकातल्या बोळ्याची जी तपासणी व्हायची, तिच्यात हीच पद्धत होती. मग तुकड्याची अक्षरे वाचून संगणकावर इतरांशी ताडून बघतात. किडे ओळखायला एक ठरावीक तुकडा वापरतात, सुमारे साडेसहाशे अक्षरांचा. कॅनडातील शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ साली हा तुकडा प्राण्यांची ओळखपट्टी म्हणून वापरावा असे सुचवले. दुकानातल्या पुड्यावर उभ्या काळ्या रेघांची पट्टी असते ना, तसाच तिचा उपयोग, म्हणून तिला डीएनए बारकोड म्हणतात. आपल्या देशात बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोमध्ये शेतीतल्या किडींचे आणि मित्रकीटकांचे असे बारकोड तयार केले जातात.

या ओळखपट्टीत एक मेख आहे. हा तुकडा फक्त आईकडून येतो, बापाकडून येत नाही. हेळव्याची वही बापाच्या बाजूने चालते, ही आईच्या बाजूने. एवढ्यावर भागले असते, पण ढालकिड्यांच्या काही जातींत मादीच्या अंड्यातून एक जिवाणू पुढच्या पिढीत जातो आणि नर पिल्ले अंड्यातच मारतो. युरोपातल्या दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात हे नीट अभ्यासले गेले आहे. जिवाणू ज्या माद्यांत असतो त्यांच्याच आईकडच्या खुणा गर्दी करतात आणि नाते भलतेच दिसू लागते. म्हणून जाणते शास्त्रज्ञ एका खुणेवर निकाल देत नाहीत. आई-बाप दोघांकडून येणाऱ्या जनुकांच्या खुणाही घेतात, शरीराची ठेवण बघतात आणि मगच वंशावळ मांडतात. आपणही जमिनीचा वाद एका सातबाऱ्यावर सोडत नाही, फेरफार आणि जुने खासरापत्रक काढतोच.

या वंशावळीतून काय निघाले, ते आता सांगतो. भारतीय उपखंडातील ढालकिड्यांची मोठी यादी जे. पूराणी यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. त्या यादीत पाने खाणारी एपिलॅक्नाची शाखा घेतलेली नव्हती, कारण त्या काळी तिला स्वतंत्र उपकुळ धरत असत. म्हणजे पाला खाणाऱ्यांचे बिऱ्हाड वेगळे, असाच समज होता. पुढे २००९ आणि २०११ साली जनुकीय खुणांवर आधारलेले मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांतून असे दिसले की या कुळाचे मूळ पुरुष झाडावरची खवले कीड खाणारे होते. माव्याकडे वळणाऱ्या शाखा नंतर निघाल्या. आणि पाने खाणारी एपिलॅक्नाची शाखा ही किडी खाणाऱ्या पूर्वजांतूनच फुटलेली आहे. म्हणजे बिऱ्हाड वेगळे नाही, त्याच वाड्यातली ती एक खोली. तिचे वेगळे उपकुळ मोडून आता तिला मोठ्या घरातच धरतात. भुरी खाणारा आपला पिवळा किडा तर मावा खाणाऱ्यांच्या अगदी जवळचा निघाला.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते असे. रक्ताचे नाते जवळचे म्हणून खाणे एक असेलच असे नाही, आणि खाणे एक म्हणून नाते जवळचे असेलच असेही नाही. पूर्वजांनी किडी खाल्ल्या म्हणून एपिलॅक्ना तुमच्या वांग्यावरचा मावा खाणार नाही. आणि एपिलॅक्ना त्याच घरचा म्हणून करडईवरच्या किड्याला शिक्षा देण्याचेही कारण नाही.

"साहेब, ही वंशावळ ऐकून आमच्या पदरात काय पडणार?" असे कोणी म्हणेल. त्यासाठी परदेशातले एक उदाहरण देतो. पूर्व आशियात हार्लेक्विन नावाचा एक खादाड ढालकिडा आहे. मावा खातो म्हणून अमेरिकेत आणि युरोपात तो मुद्दाम सोडला गेला. १९८८ साली तो अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मोकळ्यावर स्थिरावलेला आढळला. पुढे तो युरोप, दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका असा पसरला. माव्याबरोबर तिथल्या देशी ढालकिड्यांची अंडी-अळ्याही खाऊ लागला, द्राक्षांच्या घडांत शिरून दारूची चव बिघडवू लागला, आणि थंडीत लोकांच्या घरात थव्याने घुसू लागला. हा एवढा पसरला कुठून? प्रत्येक देश दुसऱ्याकडे बोट दाखवू शकला असता. २०१० साली जनुकीय खुणा जुळवल्यावर कळले की या सर्व ठिकाणच्या टोळ्यांचा मोठा उगम एकच होता, पूर्व अमेरिकेतली स्थिरावलेली टोळी. मूळच्या आशियातून प्रत्येक जण वेगळा आला असे नव्हते. कोणत्या वाटेवर पहारा ठेवायचा हे अशा माहितीवरून ठरते.

आपल्याकडेही बाहेरचा ढालकिडा आणलेला आहे आणि तो उपयोगी ठरला आहे. ऑस्ट्रेलियातला क्रिप्टोलीमस १८९८ साली दक्षिण भारतात कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला गेला. आज तो द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणासाठी सोडतात. द्राक्ष बागायतदारांना एक इशारा देऊन ठेवतो. या किड्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असतात आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे देऊन आणलेली अळी ढेकूण समजून चिरडणारे लोक मी पाहिले आहेत.

आता चूक माझी स्वतःची सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात रब्बी ज्वारीवर मावा होता. पोंग्याजवळ करड्या-काळ्या, लांबट, अंगावर नारिंगी डाग असलेल्या अळ्या धावत होत्या. दिसायला बारीक सुसरीसारख्या. मला वाटले ही नवीच कीड. कागदावर औषधाचे नाव लिहून दिले. दोन दिवसांनी सगळे स्वच्छ. पंधरा दिवसांत मावा पहिल्यापेक्षा दुप्पट झाला, ताटे चिकट झाली, कडबासुद्धा जनावरे हुंगून सोडू लागली. त्या शेतकऱ्याने मला रागाने काही म्हटले नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमीच सांगितलं म्हनून मारलं की." त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या. एक अळी तिच्या वाढीच्या काळात मावा शेकड्यांनी फस्त करते. मी रोग ठेवला आणि वैद्य मारला. तेव्हापासून खिशात भिंग असते आणि किडा नीट पाहिल्याशिवाय औषधाचे नाव माझ्या तोंडातून निघत नाही.

तुमच्या शेतात प्रयोगशाळा नाही, पण तिची रोज गरजही नाही. पाठ बघा. मावा खाणाऱ्याची पाठ तेल लावल्यासारखी चकचकीत असते. एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून ती मळकट, तांबूस दिसते. उन्हात तिरके धरले की लव दिसते. अळी बघा. माव्यातली अळी काळपट, लांब पायांची, पळणारी. वांग्यावरची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, आणि जागची फारशी हलत नाही. अंड्यांवर मात्र विसंबू नका. दोघांचीही अंडी पिवळी, लांबट, पानावर उभी, पुंजक्याने घातलेली असतात. अंडी दिसली तर आजूबाजूला बघा, मावा आहे की खरवडलेली पाने. तरीही शंका राहिली तर काचेची बाटली घ्या. आत माव्याने भरलेला करडईचा शेंडा आणि वांग्याचे एक ताजे पान ठेवा, दोन-तीन किडे सोडा, तोंडाला फडके बांधा आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी काय खाल्ले ते दिसेल. ही परीक्षा शाळेतल्या पोरांकडून करून घ्या, त्यांना आवडते.

एपिलॅक्ना ठरला तर घाबरू नका. चार-सहा ओळींचे वांगे असेल तर अंड्यांचे पुंजके आणि अळ्या असलेली पाने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. हे काम आठवड्यातून दोनदा केले तरी बराच फरक पडतो. जास्त असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि एकूण शंभर लिटर पाणी करा. पानाच्या खालच्या बाजूला अर्क लागला पाहिजे. अळ्या तिथेच असतात.

करडईचे क्षेत्र आपल्याकडे पूर्वीइतके राहिले नाही, सोयाबीन-हरभऱ्याने जागा घेतली. पण ज्यांनी पेरली आहे त्यांनी लक्षात ठेवा, मावा बहुधा धुऱ्याकडच्या ओळींवर आधी दिसतो. तेव्हाच आठवड्यातून दोनदा फेरी मारा. शेंड्याशेंड्यावर ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या असतील तर आठ दिवस थांबा. मावा वाढतच चालला आणि मित्रकीटक दिसत नसले, तर आधी कडेच्या पट्ट्यावरच निंबोळी अर्क मारा, सबंध रानावर नको. सरसकट जहाल औषध मारले की मावा आणि ढालकिडा दोन्ही मरतात. मावा आठवड्यात पुन्हा वाढतो. ढालकिड्याला अंडे, अळी, कोष करून पुन्हा उभे राहायला तीन आठवडे लागतात. मधल्या दोन आठवड्यांत तुमचे पीक उघडे पडते.

ओळख न पटणारा ढालकिडा सापडला, विशेषतः नव्या पिकावर किंवा भलत्या हंगामात, तर मारून फेकू नका. चार-पाच किडे आणि जमल्यास अळ्या एका लहान स्वच्छ बाटलीत ठेवा. बाटलीला चिठ्ठी लावा. गाव, शेताचे नाव, पीक, तारीख आणि किडा काय खाताना दिसला, एवढे पेन्सिलीने लिहा. शाई पुसली जाते. बाटली तुमच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे द्या, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जाणारे कोणी असेल तर तिथल्या कीटकशास्त्र विभागात पोचती करा. किडा फॉर्मेलीनमध्ये मात्र घालू नका. त्याने डीएनएची वही खराब होते आणि मग जनुकीय खुणा वाचणे कठीण जाते.

येत्या रब्बीत करडई आणि ज्वारी गुडघ्याएवढी झाली की मी किल्लारीच्या शिवारात पुन्हा येणार आहे. भिंग माझे असेल, बाटल्या तुम्ही आणा. मामांनी त्यांची वांग्याची ओळ याही वर्षी ठेवली आहे, सुरुवात तिथूनच करू.